सपातेतला तंबाखू

वडिलांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मी त्यांना एक कथा लिहून दिली होती. गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि त्याच्या हकिकती लिहून ठेवणारा त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन यांना घेऊन मी रचलेली ती कथा होती. आवडत्या पात्रांना आपल्या गोष्टीत बोलावून घेणाऱ्या अशा लेखनाला आता सगळीकडे फॅन फिक्शन म्हणतात. कथा विनोदी होती, हाताने लिहिलेली १४ पाने होती, आणि वाढदिवसाची भेट कशी फसते हाच तिचा विषय होता. प्रत्यक्षात माझी भेटही फसली, आणि ती कशामुळे फसली हे उमजायला मला जवळजवळ एक वर्ष लागले.

बाबा मुंबईच्या गोदीत कारकून होते. होम्स त्यांना शाळकरी वयात वाईच्या वाचनालयात मराठी अनुवादातून भेटला आणि पुढे नोकरी लागल्यावर डोंबिवलीच्या लोकलमध्ये त्यांनी तोच होम्स इंग्रजीतून पुन्हा वाचला. चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा एवढाच तो संसार आहे, पण बाबांनी तो आयुष्यभर पुरवला. मात्र आमच्या घरात होम्सपेक्षा वॉटसनचे नाव अधिक निघत असे, आणि त्याला कारण मुंबई होती. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीलाच वॉटसन सांगतो की तो लष्करी डॉक्टर म्हणून बोटीने मुंबईला उतरला, तेव्हा त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे निघून गेलेली होती. तिच्यामागोमाग तो कंदाहारला गेला, १८८० च्या मैवंदच्या लढाईत जखमी झाला, आणि मरे नावाच्या त्याच्या सेवकाने त्याला सामानाच्या घोड्यावर टाकून वाचवले. बाबा आम्हा भावंडांना अपोलो बंदरावर नेत, तेव्हा समुद्राकडे हात करून म्हणत, "इथंच कुठंतरी डॉक्टर उतरला असणार." ते नुसते 'डॉक्टर' म्हणत. आपल्या गावात येऊन गेलेल्या माणसाविषयी बोलावे तसा त्यांचा स्वर असे.

हे सगळे ठाऊक असूनही मी ती कथा जशी लिहिली तशी लिहिली.

वाढदिवसाचा प्रसंग निवडण्याला निमित्त होते. मूळ कथांमध्ये होम्सची जन्मतारीख कुठेही दिलेली नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये घडणाऱ्या एका कथेत त्याचे वर्णन साठीचा माणूस असे येते, त्यावरून चाहत्यांनी १८५४ हे जन्मसाल धरले. तारखेसाठी त्यांनी लढवलेली शक्कल मला फार आवडते: एका कादंबरीचा आरंभ ७ जानेवारीच्या सकाळी होतो, होम्स समोरच्या न्याहारीला हात लावत नाही, आणि त्यावरून काहींनी असे ठरवले की आदल्या रात्री काहीतरी साजरे झालेले असणार. जगभरचे होम्सप्रेमी आजही ६ जानेवारी पाळतात. बाबांचा वाढदिवसही जानेवारीतच येतो, त्यामुळे मला ही दोन टोके जोडावीशी वाटली.

माझ्या कथेत ती सकाळ अशी उजाडली. होम्स आपला तंबाखू एका इराणी सपातेच्या, म्हणजे घरात घालायच्या चपलेच्या, चवड्यात ठेवतो, चिरूट कोळशाच्या घमेल्यात ठेवतो आणि उत्तरे न दिलेली पत्रे शेकोटीवरच्या लाकडी फळीत चाकूने खुपसून ठेवतो. हे मूळ कथेतच आहे आणि होम्सचा प्रत्येक वाचक ते प्रेमाने लक्षात ठेवतो. मी वॉटसनला त्या सपातेच्या मागे लावले. तो होम्ससाठी चिनी मातीची बरणी विकत आणतो, घरमालकीण मिसेस हडसन यांच्या सल्ल्याने जुनी सपाता जुने कपडे गोळा करणाऱ्या फेरीवाल्याला देऊन टाकतो, आणि मग त्याला कळते की सपातेत एका सरदारघराण्यातल्या बाईची अंगठी होती. तिथून पुढची नऊ पाने वॉटसन लंडनभर धावत होता. तो चिखलात पडला, मासळीच्या टोपलीत पडला, चुकीच्या माणसाच्या पायातली सपाता ओढू लागला आणि शेवटी चौदा सपाता घेऊन घरी परतला. अंगठी अर्थातच होम्सच्या खिशात होती.

औक्षण झाले, पंचाहत्तर दिव्यांचे ताट खाली ठेवले गेले आणि दादाने मला कथा वाचायला सांगितले. घरात वीस-पंचवीस माणसे होती. आत्या डोळे पुसत हसत होती, दादाचा मुलगा प्रत्येक पडण्याला टाळ्या वाजवत होता. बाबा मात्र पाचव्या-सहाव्या पानापासून हसले नाहीत. वाचन संपल्यावर त्यांनी कागद मागून घेतले, "अक्षर छान आहे गं," असे म्हणाले आणि ते कागद घडी करून खिशात ठेवले. त्या संध्याकाळी ते एरवीपेक्षा लवकर झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी स्वतःहून विषय काढला. "होम्स असा वागेल एखादे वेळी," ते म्हणाले. "अंगठी खिशात ठेवून गंमत बघत बसेल. पण डॉक्टर असा पडणार नाही."

मी म्हटले, "बाबा, गंमत होती ती."

"गंमतच असावी. पण तू ज्याला पाडलंस तो दुसराच कुणीतरी आहे. डॉक्टर लढाईत गोळी खाल्लेला माणूस. त्याला होम्सएवढं दिसत नसेल, पण त्याला खुळ्यासारखं कुणी बघू नये."

मग ते उठले आणि त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवले. उशिरा लिहिलेल्या कथांपैकी ती एक होती, १९२४ सालची. तिच्यात एक गुन्हेगार गोळी झाडतो, ती वॉटसनच्या मांडीला चाटून जाते, आणि आयुष्यभर भावनांना जवळ न फिरकू देणारा होम्स कासावीस होऊन त्याला धरतो, तुला लागले तर नाही ना म्हणून विचारतो. त्या क्षणी होम्सच्या डोळ्यांत जे दिसले त्यासाठी एक जखम काय, अनेक जखमा झाल्या तरी चालल्या असत्या, असे वॉटसन लिहितो. त्या परिच्छेदाच्या समासात बाबांची शिसपेन्सिलीची जुनी रेघ होती. रेघ कधीची ते मी विचारले नाही.

मला आठवले ते त्यानंतर. गोदीतल्या कामगारांचे एक हौशी नाट्यमंडळ होते. नानाकाका त्यातले नायक. उंच, गोरे, खर्जातल्या आवाजाचे. बाबांनी तोंडाला रंग कधीच लावला नाही. अठ्ठावीस वर्षे ते विंगेत पुस्तक धरून बसले. नानाकाका पाठांतराच्या बाबतीत फार भरवशाचे नव्हते, आणि प्रयोगात त्यांचे वाक्य अडले की ते पुढे सरकवण्याचे काम बाबांचे. टाळ्या पडत तेव्हा बाबा पुस्तकातले पान उलटत असत. लहानपणी मी विंगेत त्यांच्या शेजारी पाटावर बसून हे पाहिलेले आहे, आणि तरीही मी त्यांच्या वाढदिवसाला, त्यांच्याच घरात, मित्राची हकीकत सांभाळून ठेवणाऱ्या माणसाला मासळीच्या टोपलीत पाडून वीस जणांना हसवले होते.

माझा वॉटसन आला कुठून, हाही प्रश्न होता. तो पुस्तकातून आलेला नव्हता. १९३९ ते १९४६ या काळात हॉलीवूडमध्ये होम्सचे १४ चित्रपट निघाले आणि त्यांतला वॉटसन हा गोंधळलेला, पुटपुटणारा, प्रेमळ पण बावळट म्हातारा आहे. पुढे कितीतरी लोकांच्या मनात वॉटसन म्हणून तोच बसला. मी कॉलेजात असताना ते चित्रपट पाहिले होते. लिहायला बसले तेव्हा हाताशी तोच आला, आणि बाबांनी पन्नास वर्षे सोबत बाळगलेला माणूस मला आठवलाही नाही.

त्या वर्षभरात मी पुस्तके नव्याने वाचली आणि त्याचबरोबर होम्सविषयीच्या विनोदी कथा शोधत गेले, कारण अशा कथा जमलेल्या असल्या तर त्या कशा जमतात हे मला पाहायचे होते. पहिली सापडली ती स्वतःच एक भेट होती. १८९३ साली जेम्स बॅरी, म्हणजे पुढे पीटर पॅन निर्माण करणारे बॅरी, आणि होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी मिळून एक विनोदी संगीतिका लिहिली. बॅरींनी काम हाती घेतले होते, पण मध्येच प्रकृती बिघडल्यामुळे त्यांनी मित्राला मदतीला बोलावले. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात मे महिन्यात तिचा पहिला प्रयोग झाला आणि ती सपशेल पडली. ५० प्रयोगांत ती आटोपली. यानंतर बॅरींनी आपल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर होम्सची एक छोटी कथा लिहिली आणि ते पुस्तक डॉयल यांना भेट दिले. कथेत दोन लेखक बेकर स्ट्रीटवर, होम्सच्या घरी, येतात आणि होम्सला विचारतात की आमच्या नाटकाला लोक का येत नाहीत. होम्स सांगतो, लोकांना न येणे अधिक आवडते म्हणून. दोघांतला धिप्पाड लेखक, म्हणजे स्वतः डॉयल, हट्ट धरतो की होम्सने ते नाटक पाहिलेच पाहिजे. त्यापेक्षा मी हवेत विरून जाईन, असे होम्स म्हणतो. आजवर माझ्या जिवावर तुम्ही भाड्याच्या बग्ग्यांतून फिरलात, आता बसने फिरा, असे आपल्या निर्मात्याला बजावून तो लहान लहान होत जातो आणि शेवटी धुराचे एक वलय तेवढे छताकडे चढताना दिसते.

ही कथा वाचून मी बराच वेळ गप्प बसून राहिले. दोन मित्रांचे नाटक पडले आहे, पैसा आणि प्रतिष्ठा गेली आहे, आणि त्या दुःखावर एक मित्र दुसऱ्याला त्याचेच पात्र परत भेट देतो. हसू सगळे त्या दोन लेखकांवर पडते. होम्स पहिल्या ओळीपासून शेवटच्या वलयापर्यंत होम्सच राहतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉयल यांनी खरोखरच होम्सला धबधब्यात लोटणारी कथा प्रसिद्ध केली, हे लक्षात घेतले की त्या धुराच्या वलयाला आणखी एक अर्थ येतो. डॉयल यांनी १९२४ च्या आत्मचरित्रात ती कथा पूर्ण छापली आणि होम्सवरच्या असंख्य विडंबनांत ती सर्वोत्तम असल्याचे लिहिले.

दुसरी कथा डॉयल यांची स्वतःची आहे आणि तिने माझी अधिक अडचण केली, कारण तिच्यात वॉटसन फजीत होतो. राणी मेरीसाठी एक बाहुलीघर बांधण्यात आले होते. खऱ्या घराच्या एक-द्वादशांश आकाराचे, आत चिमुकल्या पुस्तकांचे ग्रंथालय असलेले. विंडसरच्या किल्ल्यात ते आजही आहे. त्या ग्रंथालयासाठी डॉयल यांनी सुमारे पाचशे शब्दांची एक कथा लिहून दिली. न्याहारीच्या टेबलावर वॉटसन ठरवतो की आज आपण होम्ससारखे अनुमान काढायचे. होम्सने दाढी केलेली नाही, म्हणजे तो चिंतेत आहे. काळा कोट घातला आहे, म्हणजे कोणी बडा पाहुणा येणार आहे. वर्तमानपत्राचे आर्थिक पान उघडून तो उद्गारला, म्हणजे पैशाचा मामला आहे. होम्स एकेक गाठ सोडवतो: वस्तरा धार लावायला पाठवला आहे, कोट दातांच्या डॉक्टरकडे जायचे म्हणून घातला आहे, आणि आर्थिक पानाशेजारी क्रिकेटची बातमी होती.

ही कथा मी बाबांना वाचून दाखवली. वॉटसन इथेही चुकतो, मग हे तुम्हाला कसे चालते, असे विचारायचे मनात होते. पण विचारावे लागले नाही, कारण ते हसत होते. खांदे हलवून, आवाज न करता, जसे ते खरे हसू आले की हसतात तसे. "बघ," ते म्हणाले, "त्यानं सगळं बघितलंय. दाढी बघितली, कोट बघितला. चुकला, पण विचार करून चुकला."

माझ्या नऊ पानांत वॉटसनने एकदाही विचार केलेला नव्हता. त्याच्या प्रत्येक आपत्तीचे कारण मी त्याच्या पायांखाली ठेवले होते, डोक्यात काहीच ठेवले नव्हते.

आणि फसलेली भेट हवी असेल तर तिचा उत्तम नमुना मूळ कथांतच आहे, हे मला फार उशिरा सुचले. निळ्या रत्नाच्या त्या नाताळच्या कथेत रायडर नावाचा हॉटेलातला नोकर एका सरदारपत्नीचे रत्न चोरतो आणि बहिणीने पाळलेल्या हंसांपैकी एकाच्या घशात ढकलतो, कारण बहिणीने नाताळची भेट म्हणून त्याला त्यांतला एक हंस कबूल केलेला असतो. पण शेपटीवर पट्टा असलेले हंस दोन निघतात आणि तो नेमका दुसरा घेऊन जातो. रत्न पोटात घेतलेला हंस बाजारातून फिरत फिरत एका गरीब, उतरत्या दिवसांतल्या गृहस्थाकडे येतो. तो गृहस्थ रुसलेल्या बायकोसाठी तो हंस घरी नेत असतो आणि वाटेतल्या झटापटीत हंस आणि टोपी दोन्ही टाकून पळतो. एकाच कथेत दोन भेटी फसल्या आहेत, आणि तरी तिच्यातला एकही माणूस हास्यास्पद केलेला नाही. शेवटी होम्स त्या रडणाऱ्या चोरालाही सोडून देतो. १८९२ च्या जानेवारीत छापलेल्या या कथेत विनोदाला जी दया जोडलेली आहे, ती मला माझ्या कथेत आणायची होती आणि ती कशी आणावी हे ठाऊक नव्हते.

मी बरणी आणि सपाता ठेवली, बाकी सारे टाकून दिले. नव्या कथेत वॉटसन डॉक्टर आहे. याच माणसाने होम्सला अमली द्रव्याच्या सवयीपासून वर्षानुवर्षे हळूहळू सोडवले, हे मूळ कथांत त्याने स्वतः नोंदवून ठेवले आहे. तेव्हा तंबाखू कमी व्हावा म्हणून घट्ट झाकणाची बरणी तो विचारपूर्वक निवडील. आपला मित्र जुनी वस्तू सहजी सोडत नाही हेही त्याला ठाऊक आहे, म्हणून सपाता टाकून न देता तो ती आपल्या ट्रंकेत, लष्करी कोटाखाली, जपून ठेवतो. चूक होते ती मिसेस हडसन यांच्या हातून, तीही मायेपोटी. एकटी सपाता पाहून डॉक्टरांची जोडी हरवली असे त्यांना वाटते आणि त्या ती मागच्या गल्लीतल्या मोच्याकडे नेऊन तिला जोड करून आणतात. ६ जानेवारीच्या सकाळी शेकोटीपाशी सपातांची जोडी, एक जुनी आणि एक कोरी, आणि शेजारी न उघडणारी बरणी.

मग होम्स खाली येतो आणि अनुमाने काढू लागतो. नव्या सपातेला ओल्या कातड्याचा वास आहे, जुनीच्या तळव्याला झीज नाही, नवीच्या टाचेला गल्लीतला चिखल आहे. यावरून तो सिद्ध करतो की रात्री कोणी एक पाय अधू असलेला इराणी गालिच्यांचा व्यापारी घरात आला होता. वॉटसनसमोर वर्तमानपत्र आहे. त्याला सगळे माहीत आहे; एक वाक्य बोलला तर आयुष्यात पहिल्यांदा तो बरोबर आणि होम्स चूक असे ठरेल. तो ते वाक्य बोलत नाही. वर्तमानपत्र थोडे वर धरतो आणि म्हणतो, "विलक्षण आहे." मित्राच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने हेच द्यायचे ठरवलेले असते. माझी कथा तिथे संपत होती.

बाबांच्या शहात्तराव्या वाढदिवसाला पाहुणे नव्हते. मी कागद त्यांच्या हाती दिले आणि स्वयंपाकघरात गेले. बाहेरून काहीच ऐकू येत नव्हते. बऱ्याच वेळाने मी डोकावले तेव्हा त्यांच्या हातात शिसपेन्सिल होती आणि ते शेवटच्या पानावर काहीतरी लिहीत होते. पायऱ्यांची संख्या मी सोळा लिहिली होती, ती त्यांनी आधीच खोडून १७ केली होती. बेकर स्ट्रीटच्या जिन्याच्या पायऱ्या १७ आहेत हे होम्स स्वतः वॉटसनला सांगतो. पण आता ते लिहीत होते ते माझ्या शेवटच्या वाक्याखाली होते.

"होम्सला कळणार नाही असं होईल का?" त्यांनी वर न बघता विचारले. "त्याला पहिल्यापासून कळलेलं असणार. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून तो व्यापारी रचत बसला."

आणि त्यांनी कागद माझ्यापुढे केला. त्यांच्या कारकुनी, सरळ अक्षरात लिहिले होते: "दाराशी थांबून होम्स म्हणाला, वॉटसन, मोच्याचे पैसे मी मिसेस हडसनना देऊन टाकले आहेत. झाकण मात्र तू उघड."

संध्याकाळी त्यांनी नानाकाकांना फोन लावला. नानाकाकांना आता कमी ऐकू येते, त्यामुळे बाबा बाल्कनीत उभे राहून मोठ्याने वाचत होते आणि समोरच्या इमारतीतले लोक खिडकीशी आले होते. होम्सची वाक्ये ते खर्जात म्हणत होते, वॉटसनची साध्या आवाजात, आणि मिसेस हडसनचे एक वाक्य तर त्यांनी दोनदा म्हटले, कारण पहिल्यांदा ते त्यांना जमले नाही असे वाटले. अठ्ठावीस वर्षे विंगेत कुजबुजत काढलेला तो आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हते. वर्तमानपत्र वर धरण्याच्या जागी ते थांबले. फोनमधून नानाकाकांचा आवाज आला, "पुढं? पुढं काय?" बाबांनी कागद चष्म्याजवळ नेला आणि माझ्या अक्षरात नसलेली ती ओळ म्हटली.